मिस्त्री काय म्हणतोय?

मिस्त्रीचा कान असा, की गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली तरी तो मान वर न करता सांगायचा, "दुसऱ्या सिलेंडरचा प्लग गेलाय, ये पुढे." आणि जीभ अशी, की तिच्या तडाख्यातून कुणी सुटायचं नाही. गिऱ्हाईक यायचं कानासाठी. जिभेची करमणूक त्याला फुकटात मिळायची. ही करमणूक बहुतेक वेळा त्याच्या बायकोच्या जिवावर चाले.

ती बोलताना अडखळायची, अगदी लहानपणापासून. माहेरी त्याचं कुणी फार काही केलं नव्हतं. वाक्य पुरं होईपर्यंत माणसं थांबायची, एवढंच. मिस्त्रीला थांबणं ठाऊक नव्हतं. लग्नाला महिना झाला नसेल, त्याने तिचं नाव 'मिसिंग' ठेवलं. चारातला एखादा सिलेंडर नीट पेटला नाही की गाडी उभ्या जागी गचके खाते, त्याला गॅरेजात 'मिसिंग मारणं' म्हणतात. "आमच्या घरची गाडी मिसिंग मारते," तो चारचौघांत सांगायचा, "सासऱ्याने गॅरंटी दिली नाही, काय करता!" लोक खो खो हसायचे. ती तोंड उघडायला लागली की तो चुटक्या वाजवायचा. चट्, चट्, चट्. चल, लवकर. चुटक्या ऐकल्या की तिची जीभ आणखीच टाळूला चिकटायची.

एकदा ती वरच्या घरातून जिना उतरत धावत आली. माहेरहून फोन येऊन गेला होता. "आ... आ..." मिस्त्रीने पाना खाली ठेवला, गिऱ्हाइकांना डोळा मारला आणि तिच्या सुरात सूर मिसळला, "आ... आ... आरसा फुटला? आग लागली? आमटी उतू गेली?" सगळे हसत होते तेवढ्यात शब्द एकदाचा निघाला. आई गेली होती.

हसणं बंद व्हायला थोडा वेळ लागला. मिस्त्री म्हणाला, "मग आधी नाही का सांगायचं?" आणि पुन्हा बॉनेटखाली वाकला.

पुढे कितीतरी वर्षांनी, एका सकाळी दाढी करताना त्याच्या हातून वस्तरा गळाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. समज मात्र शाबूत राहिली आणि कानही. तोंडातून एवढंच निघे, "तो, तो, तो." गॅरेज धाकट्या भावाकडे आलं. तो पहिल्या दिवशी ढसाढसा रडला. पंधरवड्याने गिऱ्हाइकांना सांगू लागला, "दादा आता वहिनींच्या शाळेत नाव घालून आलाय."

आणि गंमत अशी, की नवऱ्याची जीभ बसली तशी तिची सुटली. घरात चुटक्या वाजेनाशा झाल्या. वाक्यं सबंध बाहेर पडू लागली. मिस्त्रीच्या डाव्या हाताच्या खुणा तिच्याशिवाय कुणाला उमगत नसत. जो तो तिलाच विचारी, "काय म्हणतोय?" ती सांगे. पाणी, उशी, खिडकी. जे असेल ते सांगे. त्यात कधी लबाडी केली नव्हती.

अशात नर्सबाईंची गाडी आली. बाई निवृत्त झाल्या होत्या, पण घरोघरी जाऊन जखमा धुण्याचं, इंजेक्शनं देण्याचं काम करत. गाडी त्यांच्यासारखीच जुनी आणि बांध्याची पक्की. रस्त्यावर पळताना ठीक चाले, पण सिग्नलला उभी राहिली की थरथरायची, कधी गपकन बंद पडायची. दिराने प्लग बदलले, वायरी बदलल्या, कार्बुरेटर दोनदा खोलून साफ केला. थरथर जागच्या जागी. तिसऱ्यांदा परत आल्यावर बाई कडाडल्या, "तुला जमत नसेल तर वर बसलाय त्याला आण. कान तरी शिल्लक आहेत ना त्याचे?"

मिस्त्रीला खुर्चीसकट खाली आणायचं ठरलं. बायकोने त्याची दाढी केली, धुतलेला शर्ट चढवला. त्याचा डावा हात घाईने स्वतःच बटणं शोधत होता. दिराने आणि शेजारच्या सुताराने खुर्ची उचलून बॉनेटसमोर ठेवली. मागे पाच-सहा जुनी गिऱ्हाइकं जमली. मिस्त्री हसला, म्हणजे तोंडाची चालती बाजू हसली.

गाडी सुरू झाली. ढब, ढब, गचका. ढब, ढब, गचका. दीर एकेका प्लगची वायर काढून लावू लागला. पहिली काढली, इंजिन आणखी लडखडलं. दुसरी, तिसरी, तसंच. चौथी काढली आणि आवाजात काडीचा फरक पडला नाही. मिस्त्रीने हात वर केला.

"चौथा काम करत नाही, ते मलाही कळतं रे दादा," दीर वैतागून म्हणाला. "पण का?"

मिस्त्रीने गाल आत ओढले आणि ओठांतून हवा शोषली, स्स्स. मग खुर्चीच्या पायपट्टीवर डावा पाय दाबला. पुन्हा दाबला. बॉनेटकडे बोट केलं. "तो, तो, तो!"

"काय म्हणतोय?" सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

तिला तत्क्षणी कळलं होतं. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी गॅरेजवरच उघडायची. त्याने कामाला येणाऱ्या पोरांना शिव्या घालत शिकवलेलं सगळं पोळ्या लाटता लाटता तिच्या कानात साठलं होतं. पाय म्हणजे ब्रेक. शोषणं म्हणजे हवा. इंजिनापासून ब्रेकच्या डब्याकडे रबरी पाइप जातो, त्याला कुठेतरी चीर गेली होती. तिथून फालतू हवा शेजारच्या चौथ्या सिलेंडरात घुसत होती. उभ्या गाडीत इंजिन थोडीच हवा घेतं, म्हणून ती फालतू हवा तेव्हाच जाच करे.

ती बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात मिस्त्रीचा डावा हात तिच्याकडे वळला. चट्, चट्, चट्.

ती जराही न अडखळता म्हणाली, "संडासला जायचंय म्हणतायत."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. नर्सबाई म्हणाल्या, "अहो मग न्या ना पटकन, माणसाला अवघडवून काय ठेवलंय!" दिराने आणि सुताराने खुर्ची उचलली. मिस्त्री ओरडला, "तो! तो! तो!" त्याने दिराच्या कानाखाली वाजवली, जिन्याचा कठडा धरून ठेवला. बोटं सोडवावी लागली. त्या झटापटीत, अर्ध्या जिन्यात, त्याची विजार खरोखरच भिजली.

"बघा," सुतार म्हणाला, "वहिनींना बरोब्बर कळतं."

तिने त्याला पुसलं, कपडे बदलले, अंगावर चादर ओढली. तो एकटक तिच्याकडे बघत होता. तिने एक फडकं ओलं करून पिळलं आणि खाली गेली.

"भावजी, गाडी चालू करा."

"वहिनी, आता तुम्ही कशाला..."

"करा म्हणते ना."

ढब, ढब, गचका. तिने वाकून त्या रबरी पाइपाच्या वळणावर, खालच्या अंगाला, फडकं घट्ट गुंडाळलं. इंजिनाने एक आवंढा गिळल्यासारखं केलं आणि शांत सुरात चालू लागलं. दीर पाइपाखाली हात घालून बघतो तो काय, नख जाईल एवढी चीर.

"तुम्हाला हो कसं कळलं?"

"वरून ऐकू येतं," ती म्हणाली. नवऱ्याचं नाव तिने घेतलं नाही.

नवा पाइप बसला. नर्सबाईंनी तिची पाठ थोपटली. गाडी बराच वेळ दारात सुरू होती आणि तो स्वच्छ, सरळ आवाज खिडकीतून वर जात होता. तिला माहीत होतं, वर तो ऐकतोय. संध्याकाळी तिने त्याला घास भरवला तेव्हा त्याने तो तोंडात धरून ठेवला, गिळला नाही. गालावर बोट दाबून तिने तो गिळायला लावला. तिला वाटलं होतं, मनातून लाज वाटेल. तशी काही वाटली नाही.

त्यानंतर दीर अडला की तिला खाली बोलवू लागला. खाली जाणं रोजचंच झालं, तेव्हा तिने मिस्त्रीचा पलंग मागच्या खोलीत हलवला. तिथे गॅरेजचा आवाज पोहोचत नसे. दिराला तिने सांगितलं, "त्यांनीच खूण केली. गोंगाट सोसवत नाही म्हणाले."

वर्षभराने मिस्त्रीचा जुना मित्र भेटायला आला. त्याला पाहताच मिस्त्री हमसून हमसून रडू लागला. तिच्याकडे बोट दाखवी, स्वतःच्या तोंडावर हात आपटी, मान हलवी, पुन्हा तिच्याकडे बोट दाखवी. "तो, तो, तो!"

मित्र गांगरला. "काय म्हणतोय हो वहिनी?"

ती उशी नीट करत होती. "म्हणतायत, ही माझं फार करते."

मित्राचे डोळे भरून आले. "नशीबवान आहेस, गड्या," असं म्हणून त्याने मिस्त्रीचा खांदा दाबला.

मिस्त्री रडायचा थांबला. त्याने डावा हात आखडून मांडीखाली सरकवला. मित्र गेल्यावर तिने विचारलं, "पाणी हवंय?" त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशीही तिने विचारलं. तो पुढे तीन वर्षं जगला, पण तो हात त्याने पुन्हा खुणेसाठी बाहेर काढला नाही.