क्लिनिकमधली पायाळू

"ताई, तुम्ही पायाळू आहात म्हणे?"

मानेला पट्टा लावलेले एक काका मला बाजूला घेऊन विचारत होते. माझ्या हातात गरम शेकाच्या पिशव्या. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "माझी कंबर पण धरलीय. मॅडमना कळायचं नाही. आतल्या खोलीत एकदा फक्त पाय लावा."

मी वळून बघितलं. कोपऱ्यातल्या बाकावर आमचे हे बसलेले. कमरेला पट्टा, समोर वॉकर, तोंडावर हसू. कुणी सांगितलं ते विचारायची गरज नव्हती.

मी ठाण्यात एका फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये हेल्पर आहे. माझी शाळा सातवीला सुटली. लग्न होऊन हिंगोलीकडून कळव्याला आले. चादरी बदलणं, शेक देणं, पेशंट व्यायाम करताना बाजूला उभं राहणं, त्याला कुशीवर वळवणं, ही माझी कामं. वळवायचं तेसुद्धा शिकावं लागतं. खांदा आणि कंबर एकदम फिरली पाहिजे, लाकडाचा ओंडका लोटावा तशी. त्याला लॉगरोल म्हणतात. हे सगळं मला रीटा मॅडमनी शिकवलं. त्या वसईच्या, क्लिनिक त्यांचंच. माझ्यावर त्यांनी कधी आवाज चढवला नाही.

आमचे हे टेम्पोतून फरशीची खोकी उतरवताना फळीवरून घसरले आणि पाठीवर पडले. मणक्याला चीर गेली. ऑपरेशन टळलं. हाड भरल्यावर डॉक्टर म्हणाले, आता पुढचं काम फिजिओचं. मी भीतभीत मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "दुपारी गर्दी कमी असते, तेव्हा आण. आणि फीचं नाव काढू नकोस." मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

अशा बाईच्या क्लिनिकमध्ये माझ्या नवऱ्यानं हे पसरवलं.

पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी आले तो. आमच्याकडे कुणाच्या पाठीत उसण भरली की पायाळूला बोलावतात. दुखणारा पालथा झोपतो आणि पायाळूनं त्याच्या पाठीला पाय लावायचा. लहानपणी मला भर वर्गातून उठवून न्यायचे. पण ठाण्यात मी हे कुणाला कळू दिलं नव्हतं. मॅडम भिंतीवरच्या तक्त्यावर एकेक मणका दाखवून पेशंटला समजावतात. तिथं हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

घरी आल्यावर मी विचारलं, "कशाला सांगितलं तुम्ही?"

"खोटं सांगितलं का? अख्ख्या गावाच्या पाठी मोकळ्या केल्यास तू. आन् घरचा माणूस रोज कंबर वर-खाली करत बसलाय."

कंबर वर-खाली म्हणजे ब्रिजिंग. उताणं झोपून गुडघे दुमडायचे आणि कंबर हळूहळू उचलायची. त्यानं पाठीला धरून ठेवणारे स्नायू घट्ट होतात. मॅडमसमोर हे तेवढा व्यायाम करायचे, घरी आलं की भिंतीकडे तोंड करून झोपायचे. त्यांच्या डोक्यात एकच, की औषध घरात आहे आणि बायको देत नाही.

मी सांगून थकले. ही उसण नाही, चीर होती. शिवाय नवऱ्याला पाय कसा लावू? त्यावर त्यांनी गावाला फोन लावला, स्पीकरवर. सासूबाई म्हणाल्या, "लाव गं पाय. म्या सांगतेय ना, म्या आई हाय त्याची. पाप लागलं तर मला लागंल."

"झालं समाधान?" हे म्हणाले.

पुढच्या तपासणीला मॅडमनी यांच्या पायावर हात दाबून धरला आणि उलटा जोर लावायला सांगितलं. मग त्या उभ्या राहिल्या. "माणिकराव, तुम्ही घरी काही करत नाही. ताकद कमी झालीय. असंच चाललं तर हा वॉकर सुटायचा नाही." यांना एवढं बोलून त्या माझ्याकडे वळल्या. "मंदा, दुसऱ्यांच्या घरचे पेशंट तू बरोबर उभे करतेस. हा तर तुझ्या घरचा."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

आमची खोली कळव्याच्या टेकडीवर. रस्त्यावर यायला पायऱ्याच पायऱ्या. मी एका बाजूनं आणि ओळखीचा रिक्षावाला दुसऱ्या बाजूनं, असं धरून यांना खाली आणायचो. वॉकर सुटला नाही तर हा माणूस त्या खोलीतच राहणार, हे मला दिसत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हटलं, "लावते पाय."

हे लगेच पालथे व्हायला लागले.

"आत्ता नाही. ढिल्या पाठीला पाय लागत नसतो. पाठ आधी घट्ट व्हावी लागते. वॉकर सोडून पायऱ्या उतरा, रस्त्यावर जाऊन परत या. त्या दिवशी लावीन."

"असं कुठं असतंय?"

"पायाळू मी का तुम्ही?"

ते पालथ्याचे उताणे झाले. मला मात्र थांबता येईना. सकाळ-संध्याकाळ कंबर उचलायची. मध्ये श्वास धरायचा नाही. एक वेळ जरी चुकली तरी पहिल्यापासून सुरू करायचं. मॅडमनी कागदावर लिहून दिलेलंच मी पायाळूचे नियम म्हणून सांगत होते आणि माझे कान तापत होते.

यांनी ते व्रतासारखं पाळलं. पाहुणे आले तरी चटई टाकायचे. मी स्वयंपाकात असले तर ओरडून विचारायचे, "श्वास सोडला, चालंल ना?"

एका रविवारी ते भिंतीला हात लावत पायऱ्या उतरले. मी मागे, हात पुढे करून, पण न धरता. रस्त्यावर टपरीपाशी उभं राहून चहा प्यायले. वर आल्यावर दार लावून घेतलं आणि पालथे झोपले. "लाव आता."

मी पाय धुतला. चीर होती त्या जागेपासून लांब, नुसता अंगठा टेकवला. मग खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावला. ते कुशीवर वळून उठले, अगदी शिकवल्यासारखे, आणि म्हणाले, "गेलं बघ."

क्लिनिकमध्ये मॅडमनी त्यांना वॉकरशिवाय चालवून बघितलं. खूश झाल्या. वेटिंगमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माणिकराव, कशानं फरक पडला, जरा यांना पण सांगा."

"खरं सांगू मॅडम? हिच्या पायानं."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. नियमांसकट. मानेचे काका म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं?" मी चादरीची घडी घालत होते, तीच मोडून पुन्हा घालत राहिले. जिनं फुकट उपचार केले तिच्यासमोर, तिच्याच क्लिनिकमध्ये.

"नियम कुणी केले?" मॅडमनी विचारलं.

"मी, मॅडम. चुकलं माझं."

त्यांनी हातातली फाईल मिटली. मग म्हणाल्या, "पायाळू आमच्या वसईला पण असतात. इथे तू कुणालाही पाय लावायचा नाही. कळलं?" मी मान हलवली. मग त्या यांच्याकडे वळल्या. "पण माणिकराव, पाय लागल्यावर व्यायाम सोडला तर काय होतं, ते विचारून घेतलंत का हिला?"

हे माझ्याकडे बघायला लागले. काकाही. मॅडमही. मला वर बघवेना.

"उलटतं," मी म्हटलं.

"आधी सांगायचं की," हे म्हणाले, आणि स्वतःच जाऊन टेबलावर आडवे झाले.

आता ते फरशीच्या गोडाऊनमध्ये बसून माल देण्या-घेण्याचं काम बघतात. उचलायचं काही नाही. व्यायाम चुकवत नाहीत. मॅडम तक्त्यावर मणके दाखवायला लागल्या की मी अजून चादरी आणायच्या निमित्तानं आत जाते. एवढ्या वर्षांत मी शिकले ते इतकंच, की पेशंटनं रोज व्यायाम केला तर तो बरा होतो. कशामुळे बरा झाला हे तो आपल्या मनानं ठरवतो, आणि तेव्हा आपण गप्प बसायचं.