नऊ नंबरचा रस्ता

मी चौथी शिकलेला माणूस. लिहायची सवय नाही. तरी लिहितोय, कारण हे तोंडानं सांगायची माझी छाती नाही.

मूळचा माण तालुक्यातला. कुपवाडला कारखान्यात लेथवर उभं राहून हयात गेली. घर शहराच्या कडेला, नऊ नंबरच्या रस्त्यावर. हा रस्ता आम्ही गल्लीकरांनी स्वतः मुरूम टाकून केलेला. मग महापालिकेच्या साहेब लोकांनी सगळ्या शहरातल्या रस्त्यांचे नंबर बदलले. आम्हाला तेवीस दिला आणि नऊ दिला ओढ्यापलीकडच्या बंगल्यांना. कोपऱ्याकोपऱ्यावर निळ्या पाट्या लागल्या.

शेजारचा रिटायर सुभेदार पेटला. "गड्या, आपला नऊ बंगलेवाल्यास्नी? काळं फासायचं!"

भर दुपारी डांबराचा डबा घेऊन आमच्या कोपऱ्यावरच्या तेवीसच्या पाटीकडं गेलो. शिडीवर मी चढलो. खाली गल्ली टाळ्या पिटत होती. बायको तेवढी म्हणाली, "आवं, उतरा खाली. गॅसवाला तेवीस म्हंल्याबिगर येत न्हाई आता."

मी वरनंच ओरडलो, "सही करायला अंगठा लागतोय तुला, आन् मला नंबर शिकीवतीस व्हय?"

गल्ली लय हसली. ती घरात गेली.

पुढं दोनेक महिन्यांनी भाकरी थापताना तिच्या छातीत कळ आली. परातीवरच कलंडली. हात पिठानं भरलेले, कपाळ घामानं. मी अँब्युलन्सला फोन लावला. रस्ता कुठला विचारल्यावर म्हणालो, नऊ.

खालनं ती म्हणाली, "तेवीस सांगा. आवं, तेवीस."

फोनवर हात ठेवून मी म्हणालो, "गप पड. नऊच हाय आन् नऊच सांगनार."

ती गप्प पडली. त्यानंतर आमचं काही बोलणं झालं नाही.

बराच वेळ गेला आणि ड्रायव्हरचा फोन आला. "काका, हितं बंगल्यात कुनी आजारी न्हाई म्हनत्यात."

तेव्हा माझ्या तोंडातनं तेवीस निघालं. ओढ्याला वळसा घालून गाडी आली, पण कोपऱ्यावरच्या पाटीवर डांबर. ड्रायव्हर सरळ पुढं गेला. सुभेदारानं पळत जाऊन त्याला मागं फिरवलं. तोवर तिचे हात गार पडले होते. पीठ वाळून बोटांना चिकटलं होतं.

"पाटीला काळं कुनी फासलंय हो?" ड्रायव्हरनं विचारलं.

सुभेदारानं माझ्याकडं बघितलं. मी तिच्या अंगावरचा पदर सारखा करत बसलो.

तेरावं झाल्यावर सुभेदार आला. "वहिनीचा जीव ह्या नव्या नंबरानं घेतला. मोर्चा काढू. फोटो घिऊन तू म्होरं ऱ्हा."

मी राहिलो. सगळा बाजार बघत होता. बायका माझ्याकडं बघून डोळे पुसत होत्या. साहेबानं फोटोला हात जोडले, चूक झाली म्हणाला. आमचा नऊ आम्हाला परत मिळाला.

नवी पाटी लागली त्या दिवशी गल्ली जमली. सुभेदारानं माझ्या हातात नारळ दिला. "फोड रं. वहिनीमुळं मिळालं ह्ये."

फोनच्या वेळी ती तेवीस सांगा म्हणाली होती, हे त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. मी नारळ फोडला. खोबरं वाटलं. गोड होतं. मी दोन तुकडे खाल्ले.