कमिटी नाही म्हणाली

लढाईच्या शेवटच्या वर्षी मी शहापूरच्या आमच्या फुटबॉल क्लबाचा चिटणीस होतो. काम फार नव्हतं. कमिटीच्या सभेत काय ठरलं ते वहीत लिहायचं, दुसऱ्या क्लबांना सामन्याची पत्रं पाठवायची आणि चेंडूचं ब्लॅडर फुटलं की सायकलच्या दुकानात नेऊन ठिगळ मारून आणायचं. लढाईमुळे नवं ब्लॅडर कुठे मिळत नव्हतं. मी एका शाळेत हंगामी मास्तर होतो. इंग्रजीत पत्र लिहू शकणारा क्लबात मी एकटाच, म्हणून ही जागा माझ्याकडे आली. खेळायला मी यथातथाच.

बाकीचे बहुतेक मागावरचे. दिवसभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून साड्या विणायच्या आणि ऊन उतरलं की अनगोळच्या वाटेवरच्या माळावर जमायचं. कप्तानही विणकर, माझ्याच वयाचा, आमच्याच गल्लीतला. घरात थोरला असल्यामुळे त्याला लहानपणापासून सगळे आप्पा म्हणत, मीही म्हणायचो. आमचे अध्यक्ष सुताचे व्यापारी होते. क्लबाचे शर्ट त्यांनी दिलेले. ते माझ्या शाळेच्या मंडळावरही होते. ही गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे केलं त्याला मी बरीच वर्षं हेच कारण देत आलो.

कँपातल्या मिलिटरी हॉस्पिटलात ब्रह्मदेशाकडून आजारी सोल्जर येत. त्या वर्षी त्यात आफ्रिकेतले चारपाच जण होते. त्यांना इथे का पाठवलं ते आम्हाला कधी कळलं नाही. त्यातला एक जण एका संध्याकाळी माळाच्या कडेला येऊन उभा राहिला. उंच, तापाने गळून गेलेला, अंगात खाकी सदरा. तो तीन दिवस नुसता बघत राहिला. चौथ्या दिवशी चेंडू त्याच्याकडे गेला तेव्हा त्याने बूट काढले, मोजे काढून बुटात घातले आणि अनवाणी पायाने चेंडू अलगद थांबवला. मग तो त्याने आप्पाच्या पायाशी असा आणून सोडला, की आप्पाला पाऊलसुद्धा हलवावं लागलं नाही.

आप्पा त्याच्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "या पाव्हणं, आत या."

तेव्हापासून तो पाव्हणा झाला. त्याचं नाव मी विचारून घेतलं होतं, पण आमच्या कुणाच्याच जिभेवर ते नीट बसेना, आणि दोन दिवसांत आम्ही त्या नावाचा नादच सोडला.

त्याला फ्रेंच येत होतं आणि लष्करात उचललेलं थोडं इंग्रजी. माझं इंग्रजी पुस्तकातलं. तरी आमचं जमायचं. तो काँगोच्या राजधानीतला, लिओपोल्डव्हिलचा. तिथल्या एका क्लबात तो सहा वर्षं खेळला होता. तो सांगे, शहर मोठ्या नदीवर आहे, आणि नदी एवढी रुंद की पलीकडचं शहर नुसतं धुरासारखं दिसतं. पलीकडे राज्य दुसऱ्या गोऱ्यांचं, पण फुटबॉल तोच. त्यांचा क्लब आगबोटीने पलीकडे खेळायला जायचा, बायका काठावर उभ्या राहून गाणी म्हणायच्या, आणि हरून परत आलं की त्याच बायका पाठ फिरवून घरी जायच्या. संध्याकाळ झाली की काळ्या माणसांनी गोऱ्यांच्या वस्तीत थांबायचं नाही असा तिथे नियम होता. त्यांचा क्लब काळ्या वस्तीतला. कप्तान शिंपी, आणि चिटणीस कुठल्याशा कचेरीतला कारकून. तो सगळं वहीत लिहून ठेवायचा.

"आमच्याकडे सेक्रेटरी मोठा माणूस असतो," तो मला म्हणाला. "वहीत नाव नाही तर तुम्ही क्लबात नाही. कितीही चांगले खेळा." तेव्हापासून तो मला सेक्रेटरी म्हणूनच हाक मारायचा.

लढाईत त्याचं काम जखमींची स्ट्रेचरं उचलण्याचं. त्याबद्दल तो बोलत नसे.

आप्पाला इंग्रजी येत नव्हतं आणि पाव्हण्याला मराठी. पण त्या दोघांचं जेवढं पटलं तेवढं माझं कुणाशी पटल्याचं आठवत नाही. आप्पा ताकदीने मारणारा, चेंडू मिळाला की सरळ गोलाकडे पळणारा. पाव्हणा त्याचा दंड धरून त्याला थांबवायचा, बोट दाखवून दुसऱ्या बाजूने येणारा गडी दाखवायचा, आणि मग सोडायचा. महिनाभर हे चाललं. शेवटी आप्पा न धरता थांबायला शिकला. "लई येळ लागला मला," तो म्हणाला, "पर आता दिसतंय रं मास्तर. सगळं मैदान दिसतंय."

माळावर चिंचेखाली पाण्याची घागर असायची आणि तिच्यावर पितळी फुलपात्र. आम्ही सगळे त्याच फुलपात्राने पाणी प्यायचो. पाव्हण्याला मात्र मी वरून ओंजळीत पाणी घालायचो. मला तसं कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी घागरीजवळ मी होतो आणि हात आपोआप तसा गेला. मग तेच चालू राहिलं. एकदा त्याने मला विचारलं, "मला भांडं का नाही?" मी म्हणालो, "पाहुण्याला असंच देतात. मानाचं असतं." त्याने मान डोलावली आणि त्यानंतर तो मोठ्या गंभीरपणे, दोन्ही हात पुढे करून, पाणी प्यायचा.

निपाणीला आमचा दर वर्षी एक सामना असायचा, आणि दर वर्षी आम्ही हरून यायचो. निपाणीचे गडी तंबाखूच्या वखारीत पोती उचलणारे, अंगाने आमच्या दुप्पट. त्या वर्षी कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीतून आम्ही गेलो आणि दोन गोलांनी जिंकून आलो. पाव्हण्याला गाव सोडून जायची परवानगी नव्हती. दुसऱ्या दिवशी तो माळावर आमच्या आधी येऊन बसला होता. आप्पाने जमिनीवर खडे मांडले, अकरा आमचे, अकरा त्यांचे, चेंडू म्हणून एक चिंचोका, आणि एक शब्द न बोलता दोन्ही गोल खड्यांनी खेळून दाखवले. दुसऱ्या गोलाच्या वेळी आप्पाने आपला खडा मध्येच थांबवला, दुसऱ्या बाजूचा खडा पुढे येऊ दिला आणि मग चेंडू तिकडे दिला. पाव्हण्याने आप्पाचं डोकं दोन्ही हातांत धरून हलवलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

त्याच संध्याकाळी परत जाताना तो माझ्याबरोबर थोडा चालला.

"सेक्रेटरी," तो म्हणाला, "मला तुमच्या क्लबाचा मेंबर करा. वहीत नाव लिहा आणि तसा एक कागद द्या."

मी विचारलं, कागद कशाला?

"घरी गेल्यावर विचारतील, एवढ्या लांब जाऊन काय केलंस. स्ट्रेचरं उचलली, त्याचा कागद सरकार देईल. हा तुम्ही द्या. मी तो माझ्या क्लबात भिंतीवर लावीन."

मी म्हणालो, कमिटीपुढे ठेवतो.

सभासदाचे आमच्याकडे खरे म्हणजे दोनच हक्क. सामन्यात खेळायचं, आणि गणपतीनंतर देवळाच्या आवारात क्लबाचं जेवण असे त्यात पंगतीला बसायचं. मला ती पंगत दिसायला लागली. अध्यक्ष मधोमध बसलेले, आणि माझ्या शेजारच्या पाटावर तो. त्या आठवड्यात कमिटीची सभा झाली. आम्ही पाच जण होतो, आप्पाही होता. ब्लॅडरचा विषय झाला, पुढच्या सामन्याचा झाला. अध्यक्षांनी विचारलं, "आणखी काही?" मी वही मिटली आणि म्हणालो, "काही नाही."

मला शाळेतली जागा कायम व्हायला हवी होती आणि ते अध्यक्षांच्या हातात होतं, हे खरं. पण तेवढंच खरं असतं तर मी निदान आप्पाच्या कानावर घातलं असतं. घातलं नाही, कारण आप्पा उठून अध्यक्षांना विचारून आला असता, आणि ते हो म्हणाले असते तर माझ्याकडे काही सबब उरली नसती.

दोन दिवसांनी पाव्हणा मला रस्त्यातच भेटला. माळाकडेच चालला होता.

"कमिटी नाही म्हणाली," मी सांगितलं. इंग्रजीत हे वाक्य फार सोपं होतं.

तो थांबला. "सगळे?"

"सगळे."

"कप्तानसुद्धा?"

इथे मला थांबता आलं असतं. पण कप्तान नाही म्हणाला नव्हता असं सांगितलं, तर हा सरळ जाऊन आप्पाचा हात धरील, खाणाखुणांनी विचारील, आणि सगळं बाहेर येईल, एवढंच त्या क्षणी मला सुचलं. मी म्हणालो, "कप्तानसुद्धा."

"कप्तानसुद्धा," तो स्वतःशी म्हणाला. मग त्याने माझा हात हातात घेतला आणि मी प्रयत्न केला म्हणून माझे आभार मानले. आणि तिथूनच तो कँपाकडे परत फिरला.

चार दिवस तो आला नाही. पाचव्या दिवशी आला तो निरोप घ्यायला. त्यांना मद्रासकडे हलवणार होते. त्याने प्रत्येकाशी हात मिळवला. आप्पा हात पुढे करून उभा होता. त्याच्यापुढे आल्यावर पाव्हण्याने लष्करात करतात तसा कडक सलाम केला, आणि पुढच्या गड्याकडे गेला. मला मात्र त्याने मिठी मारली. माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर त्याने आपलं नाव आणि आपल्या क्लबाचं नाव स्वच्छ अक्षरात लिहून दिलं, आणि गेला.

आप्पाचा हात बराच वेळ तसाच होता. "पाव्हण्याचं काय बिनसलं रं?" त्याने मला विचारलं. "माझं काय चुकलं काय?"

"त्यांच्यात तशीच पद्धत असेल," मी म्हणालो.

पुढच्या सभेत अध्यक्ष म्हणाले, "तो कँपातला आफ्रिकेचा गडी गेला म्हणे. त्याला आपला एक शर्ट द्यायला हवा होता. कुणी बोललं कसं नाही?" मी ते वहीत लिहिलं नाही.

माझी नोकरी कायम झाली. आप्पा दर संध्याकाळी माझ्याबरोबर चहा प्यायचा, आणि पंधरा दिवसांतून एकदा तरी तो विषय निघायचा. आप्पा विचारायचा, मी खड्यांचा खेळ दाखवला ते पाव्हण्याला हसण्यावारी नेल्यासारखं वाटलं असेल का? त्याने माझं डोकं धरलं तेव्हा मी काही वेडंवाकडं केलं का? त्याने असं स्वतःलाच चाचपत दोन वर्षं काढली. मी समोर बसून कप विसळायचो. कधी म्हणायचो, "सोड रे."

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात आप्पाचा बाप आजारी होता. मी दुपारी बघायला गेलो. बाप झोपलेला, आप्पा मागावर. सुताचा धोटा इकडून तिकडे फेकत तो बापाबद्दल बोलत होता आणि मध्येच म्हणाला, "माणसं अशी जात्यात मास्तर. आन् काही जण सलाम ठोकून जात्यात." तो हसला. मला ते हसणं सहन झालं नाही. मी तिथेच, मागाच्या खड्ड्याच्या काठावर बसून, त्याला सगळं सांगितलं.

धोटा थांबला. तो साडीच्या विणलेल्या काठावरून बोट फिरवत राहिला.

"म्हंजे मी न्हाय म्हणालो असं त्येला वाटलं," तो म्हणाला.

"व्हय," मी म्हणालो. एरवी मी असं बोलत नाही.

"आन् तू रोज माझ्यासंगं च्या पीत हुतास."

मला वाटलं आता तो उठेल, काहीतरी करील. तो म्हणाला, "कागद लिव्ह. आत्ता लिव्ह. मी अध्यक्षांकडं घेऊन जातो."

मी इंग्रजीत कागद लिहिला, की अमुक गृहस्थ आमच्या क्लबाचे सभासद आहेत, आणि खाली आणखी दोन ओळी, की कप्तान कधीही नाही म्हणाला नव्हता, ते चिटणीसाने खोटं सांगितलं होतं. आप्पाने त्या ओळी माझ्याकडून दोनदा वाचून घेतल्या आणि त्यांचा अर्थ सांगायला लावला. अध्यक्षांनी सही केली. पण सही करताना त्यांनी माझ्याकडे वर बघितलं नाही. वहीच्या शेवटच्या पानावरचं क्लबाचं नाव उतरवून आम्ही ते पाकीट लिओपोल्डव्हिलला टाकलं. रस्त्याचं नाव आमच्याकडे नव्हतं.

माळावरही सगळ्यांना सांगायचं, असं आप्पाने बजावलं. मी उभा राहून सांगितलं. दोघे नवीन होते, त्यांना पाव्हणा कोण तेच माहीत नव्हतं. एकाने विचारलं, रविवारचा सामना आहे ना?

उत्तर आलं नाही. वर्षभर आप्पा विचारायचा, "आलं काय रं पत्र?" आणि मी नाही म्हणायचो. मग त्याने विचारणं सोडलं. चहाला तो येत राहिला, पण पूर्वीसारखं कुठूनही कुठे जाणारं बोलणं आमच्यात राहिलं नाही. सुताचा भाव, पोरांची शाळा, तेवढंच.

मी चिटणीसपद सोडतो म्हणालो तेव्हा त्याने ते ऐकून घेतलं नाही. "तुझ्याशिवाय इंग्रजी कोण लिवणार," तो म्हणाला. "ऱ्हा तूच. फकस्त आता कुणी काय मागितलं, तर त्ये आधी मला सांगायचं. कमिटी काय म्हणती ती मी सोता ऐकणार."

पुढची नऊ वर्षं तसंच चाललं. सभेत वही मिटण्याआधी आप्पा माझ्याकडे बघून विचारायचा, "आनी काय ऱ्हायलं न्हाय न्हवं?" आणि सगळ्यांसमोर मी पानं पुन्हा उलटून बघायचो.