टाकेमावशींचा उकार

प्रौढ साक्षरता वर्गातील दुसऱ्या बाकावर टाकेमावशी आणि या ओळी लिहिणारी अशा दोघी शेजारी बसत. तेथेच त्यांची ओळख झाली. मावशींचे वय तेव्हा बासष्ट होते. त्या जोडे दुरुस्त करीत, म्हणून हे टोपणनाव. चार पायऱ्या उतरून जावे लागणाऱ्या खोलीत त्यांचे दुकान होते. तेथे आरी, चामडे कापायची रापी, लोखंडी ऐरण, मेण लावलेल्या दोऱ्याचे रीळ आणि भिंतीएवढी एक मांडणी होती.

मांडणीवर मुलांचे जुने जोडे मापाप्रमाणे लावलेले असत. पाय वाढला की मुलाने जुना जोड आणावा आणि मावशींनी दुरुस्त केलेला, एक माप मोठा जोड घेऊन जावे, असा तेथील नियम होता. मोबदला काही नसे. शेजारच्या शाळेतील कित्येक मुले जोडे फाटले की पोट दुखते म्हणून घरी बसतात, हे मावशींना ठाऊक होते. "दुखतं पोट आणि लंगडतात पायानं," असे त्या म्हणत.

पुढे येणाऱ्या मुलांची संख्या वाढली आणि मावशींच्या बोटांचे सांधे आखडू लागले. हाताने तळ शिवणे होईना. शिवणयंत्र मिळाले नाही, तर शाळा उघडण्यापूर्वीच मांडणी रिकामी करावी लागणार होती. अशा वेळी वस्तीच्या निधी समितीने मुलांसाठी चालणाऱ्या कामांना पैसे देण्याचे जाहीर केले. अर्ज मात्र स्वहस्ताक्षरात हवा होता.

सून लिहून देते म्हणाली. मग दीड वर्ष वर्गात माश्या मारल्या का, असे मावशींनी तिला विचारले. तीन संध्याकाळी खपून त्यांनी अर्ज लिहिला. 'अनुदान' कसे लिहावे, हे त्यांनी बाकावरच्या शेजारणीला विचारले. शेजारणीने मोठ्या आत्मविश्वासाने 'अन्नदान' लिहून दिले. ती शेजारीण कोण, हे वाचकांनी ओळखलेच असेल. मावशींनी तो शब्द सात ठिकाणी जसाच्या तसा उतरविला.

पंधरा दिवसांनी समितीचे तपासनीस पायऱ्या उतरून आले आणि त्यांनी स्वयंपाकघर कोठे आहे, असे विचारले. साहेबांना चहा हवा असावा, असे समजून मावशींनी सुनेला पाणी ठेवायला सांगितले. मग साहेबांनी रोज किती मुले जेवतात, असे विचारले.

"जेवतात ती आपापल्या घरी," मावशी गोंधळून म्हणाल्या. "इथं नुसते पाय घेऊन येतात."

साहेबांनी अर्ज पुढे धरला. मावशींनी बोट ठेवून एकेक अक्षर वाचले आणि त्यांच्या तोंडचे पाणी पळाले. सुनेला हसू आवरेना.

"सासूबाई, तुम्ही जोड्यांना जेवण मागितलंत."

साहेबही हसले, पण अर्जाची मुदत संपली होती. नवा अर्ज घेता येत नव्हता. जुन्यातली चूक तेवढी अर्जदाराने त्यांच्यासमोर, स्वतःच्या हाताने सुधारली तर चालणार होते. मावशींनी ऐरण बाजूला सारली. जाड चामड्यातून आरी आरपार घालणाऱ्या हातात त्यांनी पेन घेतले. त्यांनी सात ठिकाणी रेघ मारली आणि सुनेला विचारून सात वेळा 'अनुदान' लिहिले. प्रत्येक उकार त्यांनी टाका ओढावा तसा लांब ओढला.

"आता निसटायचा नाही," त्या म्हणाल्या.

शाळा उघडण्याच्या आठ दिवस आधी यंत्र आले. शेजारणीला मात्र मावशींनी तोच शब्द पन्नास वेळा लिहायला लावला आणि प्रत्येक उकार चष्मा लावून तपासला.

यंत्रामागोमाग समितीची पाटीही आली. 'गरीब मुलांसाठी मोफत जोडे', असे तिच्यावर मोठ्या अक्षरांत होते. मावशींनी ती स्वतः वाचली आणि थोड्या नाखुशीनेच दारावर लावली. त्याच दुपारी एक मुलगी दोन पायऱ्या उतरली. तिने पाटी वाचली, हातातले फाटके जोडे पाठीमागे लपविले आणि ती आल्या पावली परत गेली.

मावशींनी यंत्र थांबविले. पाटी उतरवून, काखेत मारून त्या थेट समितीच्या कचेरीत गेल्या आणि तपासनिसांच्या टेबलावर ती ठेवून त्यांनी विनंती केली.

"साहेब, यातला 'गरीब' काढा. नुसतं 'जोडे बदलून मिळतील' एवढंच लिहा."