चांदीचे नाल

धुळ्याचे सुकदेव आबा चाळीस वर्षे घोड्यांना नाल ठोकत आले आहेत. टांगाशर्यतीचे घोडे पाळणाऱ्या आमच्या धनिकांपैकी एकालाही घोड्याचा खूर कळत नाही, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो.

प्रेमराजभाऊ हे त्यांपैकीच एक ठेकेदार. त्यांच्या तबेल्यात कूलर आहे आणि घोड्याला रोज बदाम मिळतात. शर्यतीच्या आदल्या दिवशी त्यांनी आबांना बोलावले. घोड्याचे नाल काढून चांदीचे बसवायचे होते, कारण फोटोवाले येणार होते.

आबांनी खूर उचलून पाहिला. "भाऊ, आठ दिन पहिलेच नाल ठोकेल शेतस. आते त्याच खुरले परत खिळा ठोकात ते घोडा लंगडा व्हई. चांदी नरम ऱ्हास, सडकवर टिकाव नही."

"आबा, घोडा माझा आहे. तुम्ही फक्त ठोका."

"घोडा तुमना शे भाऊ, पन पाय त्याना शे. मन्हा हातवरी हाई काम व्हवाव नही."

"मग बसा घरी. दुसरे नालबंद मेले नाहीत!"

दुसरा आला आणि चांदीचे नाल ठोकून गेला. दुसऱ्या दिवशी शर्यतीत घोडा अर्ध्या वाटेत लंगडला आणि टांग्यासह कोसळला. आबांची नजर लागली, असे भाऊंनी चारचौघांत सांगितले. तेव्हापासून एकही मालक आबांना बोलावत नाही.

भाऊ सध्या सारंगखेड्याच्या बाजारात नवा घोडा पाहत आहेत. जुन्या घोड्याचा सुजलेला पाय मिठाच्या कोमट पाण्यात धरून आबा रोज, कुणी न बोलावताच, भाऊंच्या तबेल्यात बसतात. आणि अश्वप्रेमी म्हणून सत्कार होतो तो भाऊंचा!