चटईवर चटई टाकू नये

डोर्सिलाच्या सायबर कॅफेत शिरायचं तर भोंगा दाराबाहेर ठेवावा लागतो. किसुमू शहरात माझ्या भोंग्याला बाहेर ठेवणारी ही एकच बाई. बाकीचे मलाच ठेवतात.

तिचं दुकान म्हणजे चार कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि एक पंखा. पंखा प्रिंटरसाठी. अहेरो गावच्या टायपिंग क्लासात ती झाडू मारायची. झाडता झाडता शिकली. आता अर्ध्या कोंडेले वस्तीचे फॉर्म तीच भरते. आवाज कधी चढत नाही. अशा माणसांचा मला फार राग येतो.

मी बाजाराच्या संघटनेचा चेअरमन, आणि त्या दिवशी तर आधीच तापलेला होतो. मासळीबाजार नव्या शेडमध्ये हलणार होता. गाळ्यांची यादी बाजार ऑफिसच्या वेबसाइटवर लागली आणि काही बायांची नावं त्यात नव्हती, तुर्फोसाचंसुद्धा. बावीस वर्षं मासे तळतेय बाई. हरकत घ्यायची मुदत त्याच संध्याकाळी पाचपर्यंत. दोन आठवडे मी ऑफिससमोर "चोर, चोर" म्हणून कोकललो होतो. दोन हरकतीही पाठवल्या. दोन्ही परत: "आपण दिलेली बहुतेक नावं यादीत आहेतच. तपासून पाठवा."

परत येतील नाहीतर काय! जुन्या बाजाराची यादी उघडायची, नावं तळहातावर लिहायची, तिच्यावर नवी यादी उघडायची, तोवर घामाने तळहात कोरा. मग आठवेल ते लिहायचं. माझी स्मरणशक्ती दांडगी आहे, असं मी भाषणात सांगत असतो.

"चेअरमन, हात बघू," डोर्सिला म्हणाली. "हे काय लिहिलंय?"

"नाव."

"कुणाचं?"

मलाच वाचता येईना. तुर्फोसा बाकावर बसून माझ्या तळहाताकडे बघत होती. घड्याळात चार वाजले होते.

डोर्सिलाने मला खुर्चीवरून उठवलं. जुन्या यादीची खिडकी माऊसने ओढत स्क्रीनच्या डाव्या काठाला टेकवली. ती बरोब्बर अर्ध्यात बसली. नवी यादी उजव्या काठाला. दोन्ही शेजारी शेजारी, एका नजरेत.

"आई ओमेनाची बारीक मासळी वाळत घालायची ना, तेव्हा म्हणायची, चटईवर चटई टाकू नये. खालची मासळी कुजते."

"मला मासळी नको शिकवूस. नावं बघ!"

पंच्याऐंशीपर्यंत ओळी जोडीने आल्या. मग उजवीकडे एकदम जुन्या शंभर नंबरची बाई. मधली चौदा नावं सलग गायब.

"सापडले चोर!" मी टाळी वाजवली.

"चोर असा ओळीने चोरतो होय? इथून एक, तिथून एक उचलतो तो. हे तर अख्खं पान आहे, चेअरमन." मग स्क्रीनवरची नजर न काढता तिने विचारलं, "ऑफिसला नावं टाइप करून कुणी दिली होती?"

पंखा फारच आवाज करत होता.

बायांनी विश्वासाने नावांची वही माझ्याकडेच दिली होती. मी पाठवलेली यादी डोर्सिलाने तिसऱ्या खिडकीत उघडून शेजारी लावली. तीच चौदा तिथेही नव्हती. मी पिशवीतून वही काढली. दोन पानं तेलाने चिकटलेली. टाइप करताना मी मासा खात होतो.

तुर्फोसाने पानं नखाने सोडवली, हुंगली. रूथ माझी थोरली, त्यामुळे बाजारात मी 'वुओन रूथ', रूथचा बाप. "वुओन रूथ, हा माझाच मासा. फुकट दिलेला."

मी डोर्सिलाला हळूच म्हणालो, "ऑफिसची चूक म्हणून लिही की."

"ते तुमची यादी शेजारी लावून बघतील आणि तिसऱ्यांदा परत पाठवतील. मग तुर्फोसाने मासे कुठे तळायचे, तुमच्या भोंग्यावर?"

मी टाइप करायला बसलो. आजवर शेकडो भाषणं लिहिली, पण 'चूक माझी' हे दोन शब्द सापडायला वीस मिनिटं लागली. तुर्फोसा मागे उभी राहून डोर्सिलाकडून एकेक ओळ वाचून घेत होती.

"'किरकोळ चूक' नाही. 'किरकोळ' काढ. चौदा बायका आहोत आम्ही."

काढलं. पाचला आठ मिनिटं कमी असताना हरकत गेली, वहीच्या तेलकट पानाच्या फोटोसकट. सोमवारी दुरुस्त यादी लागली. तुर्फोसा, गाळा एक्क्याण्णव.

बातमी द्यायला गेलो, तर तिने मासा दिला नाही. मी कोपऱ्यात टेकवलेला भोंगा उचलून माझ्या हातात दिला.

"दोन आठवडे ऑफिसातल्या त्या पोरांना चोर म्हणालास ना? जा, आता हेही सांगून ये. तिथेच, तेवढ्याच आवाजात."

गेलो. भोंग्याची बॅटरी एरवी ऐन भाषणात मान टाकते. त्या दिवशी शेवटच्या शब्दापर्यंत खणखणीत चालली.