ऑपरेशन कानाचं, बंदी हातांना

"म्याडम, तुमी फक्त लिहून द्या की पोरगी ऑपरेशनला फिट हाय," शिवलिंगअप्पा म्हणाले. अप्पा वालूरचे कापड दुकानदार. त्यांची दीड वर्षाची नात गौरी मांडीवर बसून माझा खुळखुळा चोखत होती.

मी तेव्हा परभणीत ऑडिओलॉजिस्ट होते. म्हणजे कुणाला किती ऐकू येतं ते मोजायचं आणि गरज पडली तर मशीन द्यायचं. जिल्ह्यात माझं नाव 'कानवाली बाई'. गौरीच्या पाठीमागे मी ढोल बडवून पाहिला होता. शेजारचा कंपाउंडर धावत आला, गौरीनं मान वळवली नाही.

समोर मुंबईहून कॅम्पला आलेले कानाचे डॉक्टर बसले होते. त्यांनी कॉक्लिअर इम्प्लांट समजावलं. ऑपरेशन करून आतल्या कानात बारीक तार बसवायची, बाहेर यंत्र लावायचं, आवाज विजेच्या रूपात थेट कानाच्या नसेपर्यंत पोचवायचा. मुंबईत ते नुकतंच सुरू होऊ घातलं होतं.

"एकच अट," डॉक्टर म्हणाले. "घरात हातवारे बंद. हातानं काम भागलं की मूल बोलत नाही."

अडचण किरकोळ होती. गौरीचे आईवडील दोघंही जन्मापासून बहिरे होते. वडील विश्वनाथ, अप्पांचा मुलगा, त्यांच्याच दुकानाबाहेर शिलाई करायचा. आई महानंदा. विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाचे दिवस, एसटीचा भरवसा नाही, तरी दोघं आले होते. बहिरेपण म्हणजे काय हे ठाऊक असलेली खोलीत दोनच माणसं. त्यांना आम्ही चहा दिला आणि चर्चा चालू ठेवली.

शेवटी मी म्हटलं, "आईला विचारायचं का?"

"तिला काय कळायलंय?" अप्पा म्हणाले.

विश्वनाथची बहीण मंगल सोबत होती. तिला ऐकू यायचं, आणि भावाबरोबर वाढल्यानं खुणाही यायच्या. तिनं सगळं हातांनी सांगितलं. महानंदानं नीट पाहून घेतलं, मग विचारलं. मंगल बोलून दाखवत होती.

"यंत्र बसल्यावर ती कुणाशी बोलेल?"

"सगळ्यांशी!" डॉक्टर म्हणाले.

"माझ्याशी?"

डॉक्टर फाइल चाळायला लागले. याचं भाषांतर मंगलला करावं लागलं नाही.

महानंदाचे हात पुन्हा हलले. "ऑपरेशन करा. पण मी हात बांधणार न्हाई. लेकराला ताप आला तर कुठं दुखतंय हे कशानं विचारू?"

डॉक्टरांकडे यावरही उपाय होता. मुलीला काही वर्षं आईवडिलांपासून लांब ठेवा. मूल बोलतं व्हावं म्हणून त्याचं आईशी बोलणं बंद करायचं! मंगलनं हेही हातांनी सांगितल्यावर विश्वनाथनं उठून अप्पांच्या मांडीवरून गौरीला उचललं आणि तो बाहेर निघून गेला. एवढा स्पष्ट नकार मी बोलणाऱ्या माणसाकडूनही ऐकलेला नाही.

"घरी भाषेचं वातावरणच नाही," डॉक्टर मला म्हणाले.

"आता जलमभर मुकी ऱ्हाईल पोरगी," अप्पा चिडून म्हणाले.

गौरीला मी साधं कानाचं मशीन दिलं. त्यातून तिला ढोल आणि एसटीचा हॉर्न कळायचा, फार काही नाही. महानंदा तिला नेमानं घेऊन यायची. मी शब्द शिकवायची, आई खुणा. तीन वर्षांची होईपर्यंत भाषेचं वातावरण नसलेल्या घरातली ही मुलगी हातांनी इतके प्रश्न विचारायला लागली की आजोबांची पंचाईत झाली. अप्पांना मुलाशी बोलायला 'ये', 'जेव' आणि 'शीव' एवढ्याच खुणा येत होत्या. नातीनं काही विचारलं की ते विश्वनाथकडे बघायचे. तो शिकवायचा.

एकदा अप्पा एकटेच माझ्याकडे आले. बराच वेळ कापसाच्या भावाबद्दल बोलले. मग म्हणाले, "म्याडम, 'माझं चुकलं' याची खूण कशी करतेत?"

"मला नाही येत. विश्वनाथला विचारा."

"त्यालाच म्हणायचंय वो."

"मग त्यालाच विचारा."

त्यांनी विचारलं, असं मंगलनं पुढं सांगितलं. विश्वनाथनं खूण दोनदा करून घेतली म्हणे. पहिली नीट जमली नव्हती.

आता ही ऑपरेशनं लहान वयात होतात, चांगली होतात. मी स्वतः मुलं पाठवते. फक्त त्याआधी विचारते, हे मूल घरात कुणाशी आणि कसं बोलणार? या प्रश्नाला मशीन लागत नाही. त्यामुळे बहुधा तो कुणाला महत्त्वाचा वाटत नाही.